सामायिक सातबाराची चाचणी

परीक्षा देणाऱ्यानंच प्रश्नपत्रिका काढली, तर त्याच्या निकालावर तुम्ही विश्वास ठेवाल का? आमच्या मॅडमनी ठेवला नाही.

चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारायच्या, "हे कोनाच्या पसंतीचं?" नवा पंखा असो की नवा साहेब, प्रश्न तोच. आंधळगावच्या कोसा रेशीम विणणाऱ्या घरातल्या त्या. रेशीम अस्सल आहे हे पटवायला दुकानदारानं जाळून दाखवलेल्या धाग्यावर भरवसा नाही. साडीच्या पदरातला धागा स्वतः ओढून जाळायच्या. त्या दिसल्या की दुकानदार माल आत ठेवतात, असं आम्ही हसत म्हणायचो.

भंडाऱ्यातल्या आमच्या धान खरेदी संस्थेचा संगणक विभाग त्यांच्याकडे होता आणि मी त्यांच्या हाताखाली. शेतकऱ्यांच्या नोंदणीसाठी नवा डेटाबेस आला, तेव्हा तो बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरनं चाचणीचं टूलही सोबतच आणलं. हे टूल हजारो खोटे शेतकरी उभे करून एकदम नोंदणी करायला लावतं आणि डेटाबेस किती तग धरतो ते दाखवतं. पडद्यावर सगळं हिरवंगार. त्यानं पेढ्यांचा डबा उघडला.

"थांब बाबा," मॅडम म्हणाल्या. "तुह्या या शेतकऱ्यायचे सातबारे वेगवेगळे काहून?"

"मॅडम, हे टूल जगभर चालतं."

"जगभर चालत असन. आपल्या सानगडीच्या केंद्रावर चालते काय?"

मग त्यांनी दुसरं टूल निवडलं. फुकटचं, काळ्या पडद्याचं, रूपानं अगदी दरिद्री. पण त्यातला खोटा शेतकरी कसा वागेल, हे आपल्याला लिहिता येत होतं. मॅडमनी लिहिलं: एक सातबारा, त्यावर चार भाऊ, चौघं चार खिडक्यांवर, एकाच वेळी. डेटाबेस त्या एका नोंदीपाशी अडकला आणि मागची सगळी रांग थांबली.

इंजिनियर चिडला. "एका सातबारासाठी चौघं एकदम कशाला येतील?"

"एकमेकावर भरोसा असता त एकच आला असता!"

पेढे तसेच राहिले.

नोंदणी अडली की खरेदीचं टोकन नाही, आणि टोकन नसलं की धान केंद्राच्या आवारात उघड्यावर पडून राहतं. म्हणून मॅडमनी चाचणीच्या अहवालावर सही केली नाही. साहेब म्हणाले, "हंगाम तोंडावर आला, मॅडम. कायले अडवून राहिल्या?"

"धान भिजल्यावर तुमी ताडपत्री धराल काय, साहेब?"

त्यांची बदली गोदामाकडे झाली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "ते काळं टूल सांभाळजो." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ते माझ्या संगणकावरून गायब. कुणी काढलं, हे कुणालाच ठाऊक नाही म्हणे. मग त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर कंपनीच्या टूलवर चाचणी पुन्हा झाली. पुन्हा हिरवी. सही दुसऱ्याच कुणाची.

खरेदी अजून सुरू व्हायची आहे. सामायिक सातबारावाल्यांनो, धान घरातून काढण्याआधी सगळ्या भावांना घेऊन केंद्रावर जा, प्रत्येक खिडकीवर एकेक जण उभे राहा आणि म्हणा: आमची नोंदणी आत्ता, एकदम, आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवा.