थोरल्याची म्हैस पान्हा चोरते

दोन हजार बावीस साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर सदुसष्ट लागतं, पण ते मास्तरांचं काम. शाळेत नाव घालताना त्यांनी अर्ध्या गावाचा जन्म एक जूनला लावून टाकला आणि त्यात माझी दोन वर्षं खाल्ली. चौथीनंतर मी त्या बाजूला फिरकलो नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं. पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही बोला, मी टाइप करतो. मी म्हणालो, तू तुझं ऑफिस बघ. हे सगळं माझ्या हातचं आहे. अक्षर लागत नसेल तर चष्मा बदला.

त्या साली मार्गशीर्षात माझा थोरला भाऊ गेला. धायरीत त्याला सगळे महाराज म्हणत, कारण तो कीर्तन करायचा. पण त्याआधी तो गवळी होता, आणि मला विचाराल तर शेवटपर्यंत गवळीच होता. पहाटे शेण, मग धारा, सकाळी कुणाच्या तरी दहाव्याला प्रवचन, दुपारी चारा, संध्याकाळी परत धारा आणि रात्री कुठल्या तरी गावात सप्त्याचं कीर्तन. एवढ्यातून वेळ काढून त्यानं एक मुलगा आणि दोन मुली शिकवल्या आणि तिघांची लग्नं लावली. मी त्याच्यासारखा राबणारा माणूस पाहिला नाही. माझ्यासारखा पाहिलाय, पण तो मीच.

धार काढणं त्याचं आणि दूध घालणं माझं, अशी आमची वाटणी. आधी सायकलवर किटल्या लावून, नंतर मोपेडवर, मी कोथरूडपर्यंत दूध घालत होतो. कोथरूडची गिऱ्हाइकं फार गोड. एक बाई रोज पातेलं पुढं करून विचारायच्या, "आज नळाला पाणी कमी होतं वाटतं?" म्हणजे दूध चांगलं आहे. याच्यापेक्षा जास्त कौतुक त्या भागात होत नाही. दुधात मी कधी पाणी घातलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

भावाचं कीर्तन मात्र ऐकण्यासारखं असायचं. वैराग्यावर बोलायला उभा राहिला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पण ज्या दिवशी एखादी म्हैस व्यायला झालेली असायची, त्या दिवशी वैराग्य अर्ध्या तासात आटपायचं. श्रोत्यांना वाटायचं, महाराजांना आतून हाक आली. आली होतीच, पण गोठ्यातून. म्हशींना तो 'माऊली' म्हणायचा, आणि कीर्तनात मागं बसून कुजबुजणाऱ्यांना 'रेडे'. एकदा कोथरूडच्या एका सोसायटीनं त्याला हॉलमध्ये बोलावलं होतं. तिथं एका रिटायर साहेबांनी विचारलं, महाराज, या मोहातून सुटायचं कसं? भाऊ म्हणाला, "आपल्याकडं म्हशी किती?" साहेब म्हणाले, एकही नाही. "मग आपण सुटलेलेच आहात. सुटायचं कसं ते मलाच सांगा." साहेब पुढं वर्षभर लोकांना सांगत होते की महाराजांनी मला मुक्त म्हटलं.

तर हा भाऊ एका दुपारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही. कुणाला काही करायला लावलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही.

माझी मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून माझं जेवण वहिनीच्या हातचं. वहिनी म्हणजे बोलणारी बाई. ती मागच्या दारी बोलू लागली की पुढच्या रस्त्यावरचा रिक्षावाला होकार द्यायचा. पण भाऊ गेला आणि तिचं बोलणंच थांबलं. रडली असती तर आम्हाला समजलं असतं. तसं नाही. ताट वाढायची, ताट उचलायची, भाजीत मीठ कमी पडलंय म्हटलं तर मीठ आणून ठेवायची. आधी असं म्हटलं असतं तर माझ्या सात पिढ्यांच्या जिभेचा उद्धार झाला असता. मला तर जेवण जाईना.

तेराव्यानंतर पुतण्यानं मला बाजूला घेतलं. तो कोथरूडला सहाव्या मजल्यावर राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि मुलगा वाईट नाही. म्हणाला, आईला मी घेऊन जातो, इथं ती एकटी काय करणार. मी विचारलं, मी मेलोय का? तो म्हणाला, तसं नाही काका, पण आता म्हैस कोण बघणार?

गोठ्यात तेव्हा एकच म्हैस राहिली होती. शहर अंगावर आलं तशा बाकीच्या एकेक करून गेल्या होत्या. मी म्हणालो, मी बघतो. तो म्हणाला, तुम्ही आयुष्यात कधी धार काढलीय का? मी म्हणालो, दूध कुठून येतं ते मला माहीत आहे. तो पुण्यात शिकलेला, त्यामुळे एवढंच म्हणाला, "ते मलाही माहीत आहे." शेवटी ठरलं असं, की येत्या रविवारपर्यंत म्हैस माझ्या हाताला लागली तर म्हैस राहील आणि आईही राहील. नाहीतर लोणी काळभोरचा एक व्यापारी टेम्पो घेऊन येईल, आणि संध्याकाळी आई कोथरूडला.

आणि भाऊ गेल्यापासून म्हैस पान्हा चोरत होती. कास भरलेली, सड ताठ, आंबोण सगळं चाटूनपुसून खायची, पण हात लावला की दूध वर ओढून घ्यायची. पारडू लहानपणीच गेलं होतं, त्यामुळे ते लावून पान्हा घालायचीही सोय नव्हती. कशीबशी पेलाभर धार निघायची, तीही उपकार केल्यासारखी. एक धारा काढणारा गडी बोलावला, त्याला तिनं अशी लाथ घातली की तो पाय ओढत गेला आणि परत फोन उचलेना. व्यापारी फोनवर म्हणाला, सुई टोचा, खळाखळा देईल. मी त्याला म्हणालो, तू स्वतःला टोचून घे. असल्या सुया भावानं दारात येऊ दिल्या नव्हत्या.

मग मी डोकं चालवलं. म्हैस माणूस ओळखते ती कपड्यांवरून आणि वासावरून. मी भावाचं धोतर नेसलो, त्याचा सदरा घातला, फेटा बांधला, कपाळाला बुक्का लावला आणि गोठ्यात गेलो. पलीकडच्या सोसायटीतला एक पोरगा गॅलरीतून म्हणाला, काका, सिरियलचं शूटिंग आहे का? मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. म्हशीनं मला वरपासून खालपर्यंत हुंगलं, मान हलवली आणि सदऱ्याची बाही चघळायला घेतली. दूध नाही ते नाहीच.

पुतण्याची कल्पना वेगळी होती. भावाची कीर्तनं कुणीतरी मोबाइलवर चढवून ठेवली होती. शनिवारी तो आला आणि एक कीर्तन लावून फोन गव्हाणीच्या काठावर ठेवला. खोटं कशाला सांगू, भावाचा आवाज आला तसा माझ्या अंगावर काटा आला. म्हशीनंही कान टवकारले. मी हळूच सडाला हात लावला. एक धार आली, दुसरी आली, आणि तेवढ्यात आतून एक बाई धायरीतच तयार फ्लॅट आहेत म्हणून ओरडू लागली. म्हशीनं बादली पार भिंतीपर्यंत उडवली.

"काका, प्रीमियम घेतलं की मध्ये जाहिरात येत नाही," पुतण्या म्हणाला.

"म्हशीच्या नावानं घेऊ का माझ्या?"

त्याच संध्याकाळी मी स्वतः कीर्तन करून पाहिलं. इतकी वर्षं भावामागं टाळ धरून उभा राहिलो होतो, मला काय येत नव्हतं? दोन अभंग म्हटले, निरूपण केलं, थोडं रागावलोसुद्धा. म्हशीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग शेपूट वर करून आपलं मत दिलं. मी आंघोळ केली आणि झोपलो.

रविवारी पहाटे उठलो तो अपमान झाल्यासारखा. टेम्पो दहा वाजता येणार होता. हारायचंच असेल तर बसून तरी हारू, म्हणून बादली घेतली. कालचा अनुभव होता, म्हणून अंगावर उडू नये यासाठी खुंटीवरचं हाताला आलं ते फडकं कमरेला गुंडाळलं आणि म्हशीजवळ उकिडवा बसलो. वहिनी चहाचा कप घेऊन गोठ्याच्या दारात आली. रोज ठेवून निघून जायची, तशी कप ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

"भावजी, ते कमरेला काय गुंडाळलंय?"

मी खाली बघितलं. फडकं नव्हतं ते. काठाचं उपरणं होतं.

"कीर्तनाचं उपरणं हाय ते. शेण पुसायला घेतलं व्हय? डोळे फुटलेत का? सत्तरीला आला माणूस अन् अजून अक्कल नाही. तुम्ही एक तसले, अन् तुमचे ते भाऊ एक तसले. कुणाचं तरी दहावं करून यायचे अन् पाच माणसं जेवायला घेऊन यायचे, आधी सांगायची पद्धत नाही. नारळ वाटून यायचे, घरात चटणीला खोबरं नाही. चार गावं शहाणी करत फिरले. घरी सांगून जायला काय झालं होतं? मी काय आडवी पडले असते? आतून भांडी घासून येईपर्यंत तरी थांबायचं..."

तेवढ्यात माझ्या हातात गरम धार आली. नुसती आली नाही, बादलीत वाजली.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी रोज किटल्या धूत बाहेर नळावर बसलेलो असायचो, आणि आतून भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं. भाऊ म्हशीच्या पोटाला डोकं लावून धार काढायचा आणि वहिनी दारात उभी राहून त्याला आदल्या दिवसाचं सगळं ऐकवायची. आयुष्यभर. भाऊ कधी उलटून बोलला नाही. गावाला तासभर उपदेश करणारा माणूस पहाटे फक्त 'हं' म्हणायचा. आणि आम्ही सगळे म्हशीला कीर्तन ऐकवत बसलो होतो.

मी मान वर केली नाही. वहिनी बोलत होती, मध्येच तिचा आवाज फुटत होता, नाक ओढत होती, परत बोलत होती. कधी मला, कधी त्याला. ती श्वास घ्यायला थांबली की मीच म्हणायचो, "हं."

"हं काय? बोलायला तोंड नाही का?" की पुढं सुरू.

बादली भरली. फेसावर फेस आला. चहा गार झाला, तो मी गारच प्यायलो.

दहाला व्यापारी आला, मागोमाग पुतण्या आला. व्यापाऱ्यानं कास दाबून बघितली, बादली बघितली, माझ्याकडं बघितलं. विचारलं, रात्रीत काय केलंत? मी म्हणालो, घरगुती उपाय आहे, सांगता येत नाही. पुतण्या काही विचारायच्या आत त्याची आई स्वयंपाकघरातून सुरू झाली, की सहाव्या मजल्यावर माणसं राहतात का कबुतरं, आणि आलायस तर हातपाय धू आणि जेवायला बस, आणि त्या टेम्पोवाल्याला पण विचार, उपाशी आला असेल. बऱ्याच दिवसांनी आईचा एवढा आवाज ऐकून पोरगा तिथंच ओट्यावर बसला आणि चष्मा काढून पुसत राहिला. व्यापारी दोन भाकरी जास्त खाऊन मोकळा टेम्पो घेऊन गेला. संध्याकाळच्या धारेलाही वहिनी आपणहून दारात आली, पण बोलायला फारसं काही उरलं नव्हतं, आणि म्हशीनंही दूध तेवढंच थोडं दिलं.

पुतण्या रात्री तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपलेला असताना मी त्याचे पळायला जायचे पांढरेशुभ्र बूट घेतले, नाड्या न बांधता पायात चढवले, वहिनी चहा घेऊन दारात येईपर्यंत थांबलो, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते तसेच घालून शेणातून चालत म्हशीपाशी गेलो.