ओहोटीच्या वाटेवरचं बेट

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला राखी-गुलाबी पट्ट्यांचा दगड आहे. त्यावर ओलं फडकं फिरवलं की रंग उजळतात आणि मी कधीच न पाहिलेलं एक बेट मला आठवतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेलकंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या माझ्या नवऱ्याला खडकांच्या अभ्यासासाठी नॉर्वेच्या किनाऱ्यावर पाठवलं होतं. रोज आमच्या दुपारी, म्हणजे त्याच्या संध्याकाळी, फोन यायचा आणि त्यात माझी चौकशी कमी, बेटाचंच कौतुक जास्त: मध्ये बोडका डोंगर, भोवती आमच्या ओट्यासारख्याच राखी-गुलाबी खडकांची सपाट पट्टी, झाड औषधालाही नाही. ओहोटीला मात्र पलीकडच्या गावातून वाळूवरून चालत जाता येतं. मी रत्नागिरीकडची, खाडीकाठी वाढलेली. लगेच विचारलं, "आणि भरती कधी येते?"

माझा नागपूरकर नवरा हसला. "टेन्शन काय घेते यार! गॅल्व्हस्टनला पाहिलं ना, पाणी जेमतेम वीतभर चढते." ज्याची समुद्राशी ओळखच टेक्सासमध्ये झाली, त्याच्यापुढे भरतीचं पुराण किती लावणार?

दुसऱ्या दुपारी फोन आलाच नाही. बाहेर रस्ता उन्हाने वितळत होता आणि मी फोनपाशीच बसून होते. "मॉम, डॅड इज फाइन," लेक टीव्हीपुढून म्हणाली. शेवटी मीच त्याच्या मुक्कामी फोन लावला. घरमालकीणबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, बेटावर गेलाय, परतला नाही, वाट पाण्याखाली गेलीय, कुणाची होडी मिळते का बघते. मी देवापुढे बसले खरी, पण डोळे मिटले की पाणीच दिसे.

चहाच्या वेळेला फोन वाजला. तोच!

"अगं, होडीवाल्याने आणलं. घाबरायचं काही नव्हतं. डोंगराच्या अंगावर गोट्यांचा जुना किनारा आहे, तिथं बसलो होतो. समुद्रानं ती जागा हजारो वर्षांपूर्वीच सोडली. हिमयुगातलं बर्फाचं ओझं वितळलं अन् दबलेली जमीन वर आली. अजून वर येऊन राहिली!"

भांडायचं ठरवलं होतं, पण मी रडत रडत हसले आणि एवढंच विचारलं, "जेवलास का?"

आता तो निवृत्त होऊन दिवसभर घरातच असतो, कधीकधी नको इतका. तरीही मधूनच, काही कारण नसताना, शेजारच्या खोलीतून त्याचं खोकणं ऐकू येतं आणि मला हलकं हलकं वाटतं. ओझं एका दिवसात उतरतं; त्याखालची जमीन मात्र वर्षानुवर्षं सावकाश वर येत राहते.