मधल्या खोलीतली कबर

तुम्हाला म्हणून सांगतो, आणि सांगतानाही लाज वाटते. मी वाशीमच्या ऑफिसात खुर्चीवर बसून, भरदिवसा, एका भल्या माणसाच्या घरात कबर तयार केली. थट्टा वाटते? ऐका मग.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. एका इंजिनिअरसाहेबांकडे मी ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे गिरवायला, नवाच लागलो होतो. वाशीमजवळच्या मालेगावचे हमीदभाई, लोखंडी सामानाचे दुकानदार, घर बांधणार होते. त्यांच्या अम्मीचा जन्म भाड्याच्या खोलीत गेलेला. तिला एकच ध्यास, डोळे मिटण्याआधी स्वतःच्या घरात राहायचं. गवंडी तयार होता, अडलं होतं फक्त माझ्या नकाशावर.

काम सोपं. खाली प्लॉटच्या मोजणीचा आरपार दिसणारा ट्रेसिंग कागद, त्यावर नव्या घराचा. दोन्ही काचेच्या चौकटीत घालायचे, मागे छापाचा कागद लावून उन्हात धरायचे, मग तो छापाचा कागद अमोनियाच्या पेटीत टाकायचा, वाफेनं रेघा उमटतात. साहेबांनी बजावलं होतं, घर वर दिसलं पाहिजे, जुनं काही वर येता कामा नये.

पण ट्रेसिंग कागदाच्या पोटात काही राहतं का? प्लॉटवर एक जुनं कडुनिंब होतं, ते खालच्या कागदावरून थेट नव्या घराच्या मधल्या खोलीत उगवून आलं. ते तर तोडायचंच होतं. पण मोजणीच्या कागदाला ब्लेड लावून खरवडायची मला भीती. मग डोकं चालवलं! दोन कागदांच्या मधे जाड पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. झाड गायब, टेबलावर घर कसं लख्ख!

पेटी उघडली. वाफेत भिंती उमटल्या, दारं उमटली, आणि मधल्या खोलीत हळूहळू एक काळा चौकोन उमटत गेला. लांबोळका. नकाशाच्या हिशेबानं माणसाच्या मापाचा. उत्तर-दक्षिण, मुसलमानांत कबर खणतात तसा.

खालून काहीतरी वर येतंय, असं वाटून मी पट्टीवर आणखी एक पट्टी चिकटवली. पुढच्या छापात काळोख आणखी गडद झाला.

हमीदभाईंनी छाप पाहिला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"भाऊ, हे तं कबर हाय. माह्या घरात कायले काढली?"

"मी नाही काढली," मी म्हणालो. आणि खरंच, मी कुठं काढली होती हो?

आमचं घर बुद्धाला मानणारं. भूतबीत काही नसतं, हे मी लहानपणापासून सगळ्यांना ऐकवत आलेलो. पण त्या दिवसापासून पेटीला हात लावायला जीव धजेना. तिकडे अम्मीला आठवलं, तिच्या लहानपणी त्या झाडाखाली एक फकीर बसायचा. एक दिवस तो दिसेनासा झाला. गावातून जाताना त्याला कोणीच पाहिलं नव्हतं.

झालं! गवंडी पळाला. झाडाखाली हिरवी चादर पडली, उदबत्त्या लागल्या. आणि खरं सांगू? मीही गेलो. चपला काढल्या, हात जोडले, म्हणालो, बाबा, काही चुकलं असेल तर सांगा. वारा अजिबात नव्हता. तरी वरून टपकन एक निंबोळी माझ्या टाळूवर पडली. मी एसटी स्टँडपर्यंत पळत सुटलो, चपला तिथंच.

अनवाणी ऑफिसात आलो तेव्हा साहेबांनी सगळं विचारून घेतलं. मग दोन्ही कागद उचलून खिडकीच्या काचेला धरले. सगळीकडून ऊन आरपार आलं, फक्त माझ्या पट्टीपाशी अंधार.

"बाबा रे, उन्हाला वरचं-खालचं कळत नाही," साहेब म्हणाले. "मधे आडवं येईल त्याची सावली पडते, आणि सावली पडेल तिथं छाप काळा होतो."

जाऊन अम्मीपुढं सारं कबूल केलं. ती म्हणाली,

"पट्टी तू चिकटवली बेटा, मान्य. पन तुह्या हातानं ते कोनं चिकटवून घेतली?"

मी नवा नकाशा काढला, झाड मधोमध अंगणात ठेवून. अम्मी त्या घरात राहायला गेली. मला इतका आनंद झाला म्हणता! डोळे मिटेपर्यंत तिची बाज त्याच झाडाच्या सावलीत असायची.

झाडाखाली दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, अजूनही दिवा लागतो. एखादा नवखा पाहुणा हळू आवाजात विचारतो, इथं कबर कोणाची? मी तिथंच चहा पीत बसलेलो असतो. हमीदभाई माझ्याकडे बोट दाखवतात.

"ह्या भाऊची. जित्ता हाय अजून."