आमच्या लाइनमधला तिसरा माणूस

परवा शनिवारी सकाळी इथे टेक्ससमध्ये, अर्विंगमधल्या एका टायरच्या दुकानात बसलो होतो. मी, बाबा आणि बाबांचे मित्र सुधीरकाका. काकांच्या स्टेशन वॅगनचे टायर बदलायचे होते, आणि काका सोबतीशिवाय कुठेच जात नाहीत...

टेबलावर पेपर पडला होता. स्पोर्ट्सच्या पानावर बातमी... आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमने ऑफेन्सिव्ह लाइनसाठी तीन नवे खेळाडू घेतले. यंदाच्या, म्हणजे १९८९च्या नव्या नियमाने टीमला मोजकेच खेळाडू राखून ठेवता येतात, बाकीचे कुणीही उचलावेत. त्या उरलेल्यांतले हे तिघे.

काका उखडलेच. "गेल्या सीझनला आपला क्वार्टरबॅक दर रविवारी आडवा, आणि हे सेलमधून माणसं आणतायत! एकावर एक फ्री!"

बाबांचं म्हणणं, लाइनमधल्यांची नावं तरी कुणाला माहीत असतात? पाच जणांनी बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहायचं, अंगावर येणाऱ्याला अडवायचं, मार खायचा. त्याला महागडी माणसं कशाला?

"घराचा पाया पण असाच घातलायस का रे?" काका म्हणाले.

हे सगळं जोरजोरात, मराठीत. समोरच्या खुर्च्यांवर एक धिप्पाड माणूस, त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर झोपलेलं बाळ. बायको अधूनमधून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, आवाजामुळे.

मी एरवी तोंड उघडत नाही. बोलले, तर घरी जाऊन प्रत्येक वाक्य मनात परत तपासणारी मी... पण फुटबॉल मला खरंच कळतं, आणि काकांनी मला त्यात कधी धरलं नव्हतं. त्या दिवशी धरलं. "बोल गं मिनू, तुझं काय मत?"

आणि मी सुटले. "काका, पहिले दोघे ठीक आहेत. तो तिसरा मात्र टोटली फिनिश्ड. नी सर्जरी झालीय, जुन्या टीमनेच डंप केलं त्याला. डॅमेज्ड गुड्स! म्हणून तर इतका चीप मिळाला."

काकांनी टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू...

तेवढ्यात काउंटरवरून नाव पुकारलं. पेपरमधलं तिसरं नाव.

समोरचा माणूस खुर्चीच्या हाताला धरून उठला. उजवा पाय जरा जपून टाकत काउंटरकडे गेला. बायकोने बाळ खांद्यावर घेतलं आणि जाता जाता आमच्यापाशी थांबली. तुमची भाषा मला येत नाही, ती इंग्रजीत म्हणाली, पण शब्द बरेच कळले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"यार, आपण तर मराठीत बोलत होतो!" काका कुजबुजले.

मी माझं बोलणं मनात परत म्हटलं. त्यातलं मराठी काढून टाकलं. फिनिश्ड, नी सर्जरी, डंप, डॅमेज्ड गुड्स, चीप... काहीच गळलं नव्हतं.

मी धावत पार्किंगमध्ये गेले. ती बाळाला कार सीटमध्ये बसवत होती. मी सॉरी म्हटलं, तिने वर पाहिलं नाही. पलीकडच्या दारातून कार सीटचा पट्टा ओढून देता देता तो माणूसच म्हणाला, "नी इज ओके. आय थिंक." एवढं म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पट्टा लावला, दार बंद केलं. गुडघा टिकेल का, हा प्रश्न त्यांच्या घरात रोज निघत असणार, हे मला तेव्हा कळलं.

मला चौथीपर्यंत आईने घरीच शिकवलं, किचनमधल्या टेबलापाशी. बेरीज चुकली तर ती चालवून घ्यायची. एका गोष्टीला मात्र माफी नसायची. कुणाबद्दलही बोलायचं, ते तो माणूस खोलीत बसलाय असं समजून... मला तर समजायचीही गरज नव्हती. तो समोरच बसला होता.

आईला अजून सांगितलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये सीझन सुरू होईल. बाबा आणि काका बॉल कुठे गेला ते बघतील. मी एका उजव्या गुडघ्याकडे बघत बसणार आहे... तो टिकू दे, एवढंच म्हणत.