पोत्यांच्या काट्यावर

दवाखान्यातल्या काट्याची सुई शेवटच्या आकड्याला जाऊन थटली. मलकापूरचे आमचे डॉक्टर खुर्चीतूनच हसले. म्हणाले, "समोर धान्याची अडत आहे. पोत्यांच्या काट्यावर वजन करून या."

मी गेले. डॉक्टरनं सांगितलं म्हणून गेले. डॉक्टरला उलटून विचारायची आमच्या घरात रीतच नाही.

सोयाबीनचे दिवस. हमालानं काट्यावरचं पोतं उतरवलं, मी चढले. घरातली पहिली बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी मी. मापाऱ्यानं आकडा पाहिला आणि हमालाला विचारलं, "बारदाना वजा करू काय बे?"

रिकाम्या पोत्याचं वजन मालातून वजा करतात, तसं. सगळी अडत हसली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप तिथं ढिगाशेजारी उभा होता. तो हसला नाही, पण त्यानं मान फिरवली. ते जास्त लागलं.

 खाली उतरले, आकडा लक्षात ठेवला आणि डॉक्टरला जाऊन सांगितला.

शुगर होती. जिन्याच्या मधेच दम लागायचा. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, छाती पेटायची. भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टर म्हणाले, आता वजन कमी करायचं ऑपरेशनच. तेव्हापासून एक भीती अंगात शिरली ती शिरलीच. भूल दिल्यावर उठलेच नाही तर? वर्गात फळ्यावर लिहिताना मधेच हात थांबायचा.

मोबाईलवर वाचत बसायचे. समजेल तेवढं समजून घ्यायचे. ऑपरेशनचे दोन प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. कापलेलं परत बसत नाही. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो खाली आतड्याला जोडतात. मग जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, तपासण्या. दोन्ही वाचून घाम फुटायचा.

मोठ्या शहरातल्या सर्जनकडे दादा सोबत आला. रुग्ण मी. सर्जन बोलले दादाशी. माझ्याकडे पाहिलं ते फक्त पोटाकडे.

"यांना स्लीव्ह करू," ते दादाला म्हणाले. "बायपासनंतर आयुष्यभर गोळ्या पाळाव्या लागतात. तुमच्या गावाकडच्या लोकांना ते जमत नाही."

दादानं मान हलवली. "तुम्ही म्हणान तसं, साहेब. तारीख द्या."

खरं सांगते, मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. ठरवायचं दुसऱ्यानं, मी नुसतं आडवं व्हायचं. भीती माणसाला इतकी खाली आणते. आणि तेवढ्यात पायाखाली तो अडतीतल्या काट्याचा पत्रा जाणवला. तसाच थंड. मी पुन्हा काट्यावर उभी होते, आणि माझ्यातून काय वजा करायचं ते दोन माणसं माझ्या डोक्यावरून ठरवून राहिली होती.

मी बोलले. 

"डॉक्टर, मला रात्री आडवं होता येत नाही. आंबट पाणी घशाशी येतं. स्लीव्हनं ते वाढतं का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"वाढू शकतं," ते म्हणाले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मला काही विचारलंच नाही. आणि शुगरची गोळी मी एक दिवस चुकवलेली नाही. मला जमतं की नाही, ते मला विचारा."

 मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आधी एन्डोस्कोपी करू, घशातून नळी घालून आतली जळजळ किती ते पाहू, मग कोणतं ऑपरेशन ते बोलू. या वेळी ते माझ्याशी बोलले.

बाहेर आल्यावर दादा चिडला. "बाई, एवढ्या मोठ्या डॉक्टरच्या तोंडी लागतात काय? काऊन शहाणपणा करतं? उद्या तुले काही झालं तर मायले काय सांगू मी?"

तोही भ्यालेला होता. ते मला दिसत होतं.

"दादा," मी म्हटलं, "पोट माह्यं हाय."

तो पुढं होऊन मलकापूरच्या गाडीकडे चालू लागला. मी मागून गेले.

एन्डोस्कोपी सोमवारी आहे. भीती गेलेली नाही. हे लिहितानाही तळहात ओले आहेत. बायपास निघेल, स्लीव्ह निघेल, कदाचित दोन्ही नको असंही निघेल. जे असेल त्याचं बरंवाईट मला माझ्या भाषेत समजेपर्यंत तारीख कुणी ठरवायची नाही. डॉक्टरनं नाही, दादानं नाही.

पोत्यांच्या काट्यावर मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून चढले होते. ऑपरेशनच्या टेबलावर मी माझ्या मनानं चढेन, नाहीतर चढणार नाही.