काटकोनातली फळी

गौलीगुड्यात आमच्या घरामागे वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते त्यांच्या समाधानासाठी; पत्र्याखाली दोन बाकं, ढीगभर भुसा आणि त्यांची जीभ. शहरात नवनवी ऑफिसं निघत होती आणि सगळ्यांना कॉम्प्युटरची टेबलं हवी होती, परदेशी कॅटलॉगातल्यासारखी, कडा अगदी रेखीव. वडील कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. जराशी गोलाई लागली की फळी अंगणात भिरकावत. घासायचं काम ते कारागिरांना देत नसत. कारागीर शिव्या खाऊन निघून जातात, घरचे कुठे जाणार.

बारावीनंतर मला नारायणगुड्याच्या कॉलेजात जायचं होतं. मोठ्या भावालाही जायचं होतं. नापास होऊन तो माझ्याच वर्गात येऊन बसला होता. वडिलांनी जेवताना जाहीर केलं, "दोघं गेलात तर इथं घासणार कोण? चारी कडा काटकोनात ठेवून जो फळी दाखवील, तो जाईल. बाता नक्को."

भाऊ नुसत्या बोटांनी घासत सुटला. बोटांखालचा पॉलिश पेपर कडेशी आला की खाली वळतो आणि कड खाऊन टाकतो. त्याच्या फळीची वापरलेल्या साबणाची वडी झाली. मी पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळला. फळीला चारी बाजूंनी तिच्याच जाडीच्या टाकाऊ पट्ट्या खेटून लावल्या आणि शिकंज्यात आवळल्या. मग ठोकळा फळीबाहेर गेला तरी कलत नव्हता. जी काही झीज व्हायची ती पट्ट्यांची झाली.

वडिलांनी काटकोन तपासायचा गुण्या लावला, नख फिरवलं, फळी उजेडात धरली. मी मनात कॉलेजच्या पायऱ्या चढत होते.

"हात आहे पोरीला," ते म्हणाले आणि भावाकडे वळले. "तू जा कॉलेजात. तुला इथं ठेवून माझं लाकूड नासवू का?"

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"हौ, दिला होता. तेव्हा मला कुठं माहीत होतं तुला इतकं येतंय?"

भाऊ हसला, तेही तोंड न लपवता. आई दारात उभी होती, ती आत गेली. भावाचा मला फारसा राग आला नाही. वडिलांचा आला, आणि तो आजही आहे.

मी सोडवून ठेवलेल्या पट्ट्या फेकून दिल्या. पेपर नुसत्या बोटांत धरला आणि त्यांच्यासमोर त्या फळीच्या चारी कडा घासून गोल केल्या. ते हाताची घडी घालून पाहत राहिले, एकदाही अडवलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आता कितीही बिघडव. तुझं काम मी पाहिलंय."

आणि त्यांनी नवी फळी माझ्यापुढे सरकवली.