नाव मंग, आधी वास

लहानूबाबाला झाडाचं नाव विचारलं तर तो कधीही लगेच सांगत नसे. झाडाजवळ जाई, नखाने सालीचा कपचा उचकटी किंवा पान असलं तर चुरगाळी, नाकाशी धरून डोळे मिटी आणि मग तेच तुमच्या नाकाशी आणी. ज्या झाडाखालून जन्मभर गेला त्याच्याही बाबतीत हेच. "अहो, हे तर तुमच्या बांधावरचं!" असं एकदा मी वैतागून म्हणालो, तर म्हणतो, "माझ्या बांधावर हाय म्हून काय झाला? नाव मंग. आधी वास."

मला याची चीड यायची. पण त्या वयात मला चीड कशाची येत नव्हती? नाशकात आम्ही तिघे मित्र पत्रकं काढत असू. दारूवर, वेठीवर, हुंड्यावर. एका बाजूला छापलेला पातळ कागद, वर ठसठशीत मथळा आणि खाली उद्गारचिन्हांची रांग. जव्हार संस्थानात, खोडाळ्याच्या वरच्या अंगाला, एका बाहेरच्या ठेकेदाराने टेकडी तोडायला घेतली आहे आणि तिथल्या पाड्याचा धूप बुडणार आहे, असं कानावर आलं. दुसऱ्या दिवशी मी निघालो. सामानात एक धोतरजोडी आणि कोऱ्या कागदांचं बंडल. झाडांची माहिती काडीचीही नव्हती, आणि ती लागेल असं वाटलंही नव्हतं.

प्रकरण सरळ होतं. पाड्यावर भात आणि नागली पिकायची ती घरात खायला. मीठ, कापड, कोयती ही सगळी खोडाळ्याच्या बाजारात धुपाच्या बदल्यात यायची. धूप म्हणजे सालईचा चीक. सालीला घाव दिला की तो मधासारखा ओघळतो, वाळून खडा होतो, निखाऱ्यावर टाकला की घर दरवळतं. ठेकेदाराला परवाना होता तो शिमटीचा. मऊ लाकडाचं झाड, खोक्यांच्या फळ्या पाडायला बरं. पण फाल्गुनात सालईही निष्पर्ण आणि शिमटीही निष्पर्ण. ठेकेदाराच्या माणसांनी चुन्याची बादली घेतली आणि उघडं झाड दिसेल त्याला पट्टा ओढत गेले. जाणूनबुजून की अडाणीपणाने, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पट्टे मात्र टेकडीभर.

मी तिसऱ्याच दिवशी पत्रक लिहून छापायला पाठवलं. 'चुना फासलेलं झाडन् झाड सालईचं आहे!' हे त्यातलं माझं आवडतं वाक्य. छापून आल्यावर मी ते लहानूबाबाला मोठ्याने वाचून दाखवलं. टेकडीचा सगळ्यांत जुना धूपवाला तो, पाडा त्याच्याकडे बघूनच बोलायचा. गुडघे छातीशी घेऊन त्याने सगळं ऐकलं. मला शाबासकी हवी होती.

"झाडन् झाड लिवलास?"

"हो!"

"सगळ्यांचा वास घेतलास?"

मी हसलो. त्याची बायको जानीबाय चुलीपासून म्हणाली, "त्याला कशाला इचारतोस? कागदवाला हाय तो. कागदाचा वास येतो त्याला." तेव्हापासून पाड्यावर माझं नाव कागदवाला.

पाड्याने केलेल्या अर्जावरून संस्थानचा जंगलाकडचा अंमलदार पंचनाम्याला येणार होता, पण पंधरा दिवसांनी. तोवर मी लहानूबाबाच्या मागे टेकडीवर हिंडलो. करायला दुसरं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. सकाळी नागलीची भाकर फडक्यात बांधून निघायचं आणि ऊन कलल्यावर हात चिकट करून परतायचं.

तो झाडांना घराणी लावायचा. सालई आणि काकड एका घरची. "ह्यांचा घाम एक हाय," तो म्हणायचा. दोघींचं पान मधल्या दांडीला जोडीजोडीने लागलेलं आणि प्रत्येक पानोळ्याच्या काठाला दाते. सालईची साल हिरवट राखी, कागदासारखी पापुद्रे सोडणारी. फळ तीन काठांचं, वाळलं की तीन फाका होऊन उकलणारं. काकडचं फळ गोल, गरदार, आंबट. बहिणी असून एकीने बी वाऱ्यावर सोडायचं ठरवलं, दुसरीने पाखरांच्या पोटातून धाडायचं. हे मी म्हणतो. तो एवढंच म्हणायचा, "एकीला वारा आवडतो, एकीला पाखरा." शिमटी मात्र शेजारीण. दांडी तशीच, पानोळ्या तशाच जोडीने, उन्हाळ्यात तशीच उघडी. पण पानोळीचा काठ सपाट, दाता एकही नाही, आणि सालीला घाव दिला की आत लालभडक. "लुगडा सारखा नेसली म्हून बहीण होत नाय."

एकदा ओहोळाच्या काठी, ओलाव्यामुळे पानं टिकलेली, एक काकड दिसली. पानांवर हिरवे टपोरे गोळे. आंबट फळ म्हणून मी एक तोडून चावला. आतून किडे निघाले. त्या झाडाच्या पानांवर किडीच्या गाठी येतात आणि त्या थेट फळांसारख्या दिसतात, हे थुंकत असताना मला कळलं. लहानूबाबाने दगडावर बसून पोटभर हसून घेतलं आणि मग डोळे पुसत म्हणाला, "फळ पानावर कुठं लागतात रे, शाळेत शिकलेल्या?"

पण हसण्यापलीकडची एक गोष्ट त्याने मला दाखवली. त्याचा घाव. तळहाताएवढा सालीचा पातळ चकदा तो वरच्यावर तासायचा, लाकडाला धार लागू द्यायची नाही. चार दिवसांनी वरची कड किंचित उघडायची. एका झाडाला एका वर्षी घाव, दुसऱ्या वर्षी विसावा. "ह्या घराण्याचा जीव सालीत हाय. चीक सालीत. लाकडात काय नाय. जो लाकडापर्यंत जातो त्याला चीकही गावत नाय आन् झाडही." ठेकेदाराच्या माणसांनी चाचपायला म्हणून एका सालईत कुऱ्हाड रुतवली होती, त्या झाडापाशी तो रोज थांबायचा आणि जखमेत शेणमाती लिंपायचा. मी मनात म्हणायचो, या माणसाला राग का येत नाही? आता वाटतं, येत असावा. तो लिंपत होता, एवढंच.

पाड्याचा एक रिवाज होता. हंगामाचा पहिला धूप बाजारात न्यायच्या आधी सगळ्यांनी वाघदेवाच्या दगडापुढे जमायचं. खापरात निखारे. प्रत्येक घराने आपल्या धुपाचा एक खडा त्यावर टाकायचा. दरवळला तर ठीक. नुसता फुरफुरला तर त्या घराने सगळा धूप परत उलगडून निवडायचा, आणि तोवर कुणाचाच धूप पाड्याबाहेर जायचा नाही. मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की मीही एक खडा न्यायचं ठरवलं. कुणाला न विचारता, पट्टा मारलेल्या एका झाडाचा सोनेरी खडा खरवडून आणला. सगळ्यांचं झाल्यावर ऐटीत पुढे झालो आणि निखाऱ्यावर टाकला.

तो फुगला. बुडबुडे आले. काळा झाला आणि खळ करपल्यासारखी घाण सुटली.

जानीबाय म्हणाली, "आता वाघदेव खोकतो का बघा!" आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. लहानूबाबा हसला नाही. त्याने उरलेला खडा माझ्या हातातून घेतला, पाण्याच्या लोट्यात टाकला आणि बोटाने ढवळला. खडा विरघळून पाणी नुसतं चिकट झालं. मग दुसऱ्या लोट्यात स्वतःचा खडा घोळला. ते पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि वास हातभर वर आला.

"शिमटी," तो म्हणाला. "कोणत्या झाडाचा आणलास?"

"पट्टा मारलेल्या."

"मंग कागदात काय लिवलास?"

पत्रक गावोगाव गेलं होतं. ठेकेदाराच्या हातात तर नक्की पडलं असणार. पंचनाम्याला पहिलंच झाड शिमटीचं निघालं, की अंमलदार म्हणणार, हे सगळेच खोटारडे. मग सालईलाही कुणी सालई म्हणणार नाही. पाड्याचं मीठ आणि कापड माझ्या आवडत्या वाक्यावर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूबाबाने गेरू कालवला. म्हणाला, आपणच खुणा करू. पट्टा मारलेल्या प्रत्येक झाडाचा वास घ्यायचा. सालई किंवा काकड असेल तर गेरूचा ठिपका. शिमटी असेल तर ठिपका नाही, ती ठेकेदाराची.

"म्हणजे आपणच त्याला झाडं काढून द्यायची?" मी ओरडलोच. "निदान गप्प तरी बसू!"

"तुझा एक खोटा झाड माझी सगळी खरी झाडं खाईल."

मी गेरूचं भांडं उचललं. तीन दिवस आम्ही टेकडी हुंगत फिरलो. पट्ट्यांतली बरीच झाडं सालईची निघाली, काही काकडची, आणि बरीच, हे लिहायला आजही जड जातं, चक्क शिमटीची. शेवटी टेकडीच्या पायथ्याला लहानूबाबाच्या बांधावर आलो. तिथल्या झाडालाही पट्टा होता. जानीबाय उन्हाळाभर त्याच्या बुंध्याशी बसून मोहफुलं वाळवी, भांडी घासी, आल्यागेल्याला टोमणे मारी. पालवी फुटली की त्याची सावली दुपारी थेट दारापर्यंत यायची. मी साल खरवडली. आत लालभडक. शिमटी.

लहानूबाबा पुढे गेला. मी मागे राहिलो आणि बुंध्यावर गुपचूप एक ठिपका ठेवला. माझ्या मते तो न्यायच होता.

तो वळला, ठिपका बघितला, धोतराचा सोगा ओला केला आणि पुसून टाकला.

"म्हाताऱ्या, माझी सावली हाय ती!" जानीबाय दारातून.

"मी काय नाय म्हणतो? पण शिमटी हाय."

"तो सायेब काय झाडन् झाड बघणार हाय?"

"वाघदेव काय आंधळा हाय?"

पंचनाम्याला अंमलदार घोड्यावरून आला, मागून ठेकेदार. ठेकेदाराने खिशातून माझं पत्रक काढलं आणि झोकात वाचलं, "'चुना फासलेलं झाडन् झाड सालईचं आहे!' रावसाहेब, हे बघा इथलं पहिलंच झाड." आणि बांधावरच्या शिमटीवर हात आपटला. "ही सालई? जे झाडच ओळखत नाहीत त्यांचा अर्ज काय ऐकायचा?"

अंमलदाराने लहानूबाबाकडे पाहिलं. लहानूबाबाने माझ्याकडे. बोलायचं मला होतं. मी सभांतून बोललो होतो, पण एवढं अवघड वाक्य कधी बोललो नव्हतो.

"ते वाक्य माझं आहे," मी म्हणालो. "आणि ते खोटं आहे. हे झाड शिमटीचं. अशी बरीच आहेत. ठिपका नाही ती सगळी यांची. पाड्याने आपण होऊन निवडून ठेवली आहेत."

अंमलदार घोड्यावरून उतरला. "आणि ठिपका आहे ती सालई, कशावरून?"

जानीबाय खापर घेऊन उभीच होती. तिने ते जमिनीवर आदळल्यासारखं ठेवलं. नवऱ्यावरचा राग अजून उतरला नव्हता. मग टेकडीवर झाडाझाडाशी तेच घडलं. लहानूबाबा चिकाचा खडा काढी, निखाऱ्यावर टाकी आणि बाजूला सरे, म्हणजे धूर अंमलदाराकडे जाई. पाचव्या-सहाव्या झाडाला अंमलदार स्वतःच वाकून हुंगायला लागला. ठेकेदाराने एकदा शिमटीचा डिंक काढून धूप म्हणून टाकून बघितला. तो फुरफुरला, करपला, आणि अंमलदाराने नाकाला रुमाल लावून म्हटलं, "ही तुमची." ठिपक्याची झाडं वाचली. बाकीची गेली.

बांधावरची शिमटी सर्वांत आधी गेली. जानीबायने त्या दिवशी नवऱ्याला कोरडी भाकर वाढली आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली. संध्याकाळी तो तोडीवर गेला, पडलेल्या फांद्यांतली हाताएवढी जाड एक निवडली आणि बांधावर त्याच जागी खोल रोवली. मी विचारलं, "ही शेजारीण ना?"

"शेजारीण हाय. वैरीण कुठं हाय?"

नाशकाला परतून मी दुसरं पत्रक छापलं. पहिल्यातली चूक, माझ्या नावानिशी. मित्रांनी मला वेड्यात काढलं. चळवळीत चूक कबूल करायची नसते म्हणे. मी म्हणालो, मग चळवळ कुणाच्या जिवावर करायची असते? तेव्हापासून मी पत्रकं कमी लिहितो, आणि ज्यावर लिहायचं तिथे आधी जाऊन राहतो. राग तेवढाच येतो, वरच्यावर तासून घेतो, एवढंच.

लहानूबाबा गेल्याचं मला उशिरा कळलं. धूप निवडता निवडता भिंतीला टेकला आणि संपला, असं खोडाळ्याच्या बाजारात एकाने सांगितलं. मी पाड्यावर गेलो ते दिवस भर पालवीचे होते. जानीबाय बांधावर बसून भांडी घासत होती. रोवलेल्या फांदीचं झाड झालं होतं, माझ्या डोक्याहून उंच, आणि तिचे पाय सावलीत होते.

तिने मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. राखेचा हात वर करून विचारलं, "काय रे कागदवाल्या, हा झाड कोणता?"

उत्तर मला माहीत होतं. ती फांदी रोवताना मी शेजारी उभा होतो. तोंडाशी आलेलं नाव गिळलं, पुढे झालो, एक पान मोडलं, काठावरून बोट फिरवलं, दोन बोटांत चुरगाळलं आणि डोळे मिटून नाकाशी धरलं. मग तेच तिच्या नाकाशी नेलं.

जानीबायने दीर्घ श्वास घेतला. "हां," ती म्हणाली. "आता सांग नाव."